उताराचं इंजिन

व्हर्नाने मूठ आवळून हात वर केला आणि डेलने ब्रेक दाबला. ट्रकच्या मागचा लोखंडी गोळा ट्रेलरच्या बरोबर नाकाखाली आला होता. समोरच्या ताटाएवढ्या पडद्यावर हे सगळं चित्रासकट दिसत होतं, अगदी व्हर्नाच्या चिखलाळ बुटांची टोकंसुद्धा. पण डेल हॉगनने पडद्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. तो आरशातून तिच्या हाताकडे बघत होता.

वायोमिंगच्या त्या कोपऱ्यात लग्न टिकणार की मोडणार हे चर्चमध्ये ठरत नाही. नवरा ट्रक मागे घेत असतो, बायको ट्रेलरपाशी उभी राहून हात हलवत असते, तिथे ठरतं. शेवटच्या त्या वीतभर अंतरात कितीतरी संसार उलथले आहेत; एक पाद्रीबाबासुद्धा त्यातच गेला, म्हणजे गाव सोडून गेला. हॉगनांचा संसार टिकला, कारण व्हर्नाची मूठ आवळली की डेल थांबायचा, आणि कशासाठी असं विचारायचा नाही.

"झालं?" त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"झालं. आता उतर की. आत बसून ट्रेलर अडकणार आहे का?"

डेल उतरला. ट्रेलरचा दांडा फिरवून त्याने नाक खाली घेतलं, गोळा आत बसल्याचा टणक आवाज ऐकला, साखळ्या अडकवल्या, दिव्यांची वायर जोडली. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला शोभणाऱ्या सावकाशीने त्याने हे केलं. सावकाशी वयाची नव्हती. दिवस लांबवता आला तर बघावा, एवढीच त्यामागची युक्ती होती.

ट्रक त्यांचा नव्हता. एका दिवसाच्या बोलीवर विक्रेत्याकडून आणलेला, चार सिलिंडरचा, कोरा करकरीत, आत नव्या चामड्याचा वास. त्यांचा जुना ट्रक जुलैमध्ये वारला. गिअरबॉक्स गेला, आणि दुरुस्तीवाल्याने तो उघडून आत पाहिल्यावर डोक्यावरची टोपी काढली. साऱ्या परगण्यात त्या मरणाने आनंद झालेला माणूस एकच होता, आणि तो तोंड पाडून फिरत होता.

"बिशपला आधी घेऊ की डीकनला?" व्हर्नाने तबेल्याचं दार ढकलत विचारलं.

"तुझे घोडे. तू ठरव."

बिशप आणि डीकन हे पर्शरॉन जातीचे, ओझं ओढणारे, करड्या अंगाचे घोडे. एकेकाचं वजन टनभर. बिशप दारातून बाहेर आला की तबेल्यात अचानक उजेड व्हायचा. दर डिसेंबरात व्हर्ना ही जोडी घाटापलीकडच्या गावी न्यायची, तिथल्या शाळेच्या पोरांना बर्फगाडीतून फिरवायची. कितीतरी वर्षांचा शिरस्ता. गेल्या डिसेंबरात तो पहिल्यांदा मोडला. ट्रकची तब्येत बरी नाही, असं डेल म्हणाला होता. तेव्हा ट्रकची तब्येत उत्तम होती.

नाताळच्या दिवशी व्हर्नाने जोडीला खरारा केला, गळ्यात घुंगरांचे पट्टे चढवले, आवारातल्या आवारात दोन फेऱ्या मारल्या आणि पट्टे काढून ठेवले. डेलने हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं.

काल विक्रेत्याच्या आवारात दोन ट्रक बॉनेट उघडून शेजारी शेजारी उभे होते. तिथली विक्रेती जोलीन प्रूइट, डोळ्यांवर चष्मा, कानामागे पेन, गावातल्या निम्म्या ट्रकांची दाई. आणि कुणी बोलावलं नसताना हार्लन ओडेगार्ड हजर. हार्लनकडे परगण्यातला सगळ्यात मोठा डिझेल ट्रक होता, त्यामुळे कुणाचंही बॉनेट उघडलं की त्याला आतून कळायचं. त्या ट्रकला साखळी बांधून त्याने एकदा कुंपणाचा सडका खांब उपटला, तर खांबाबरोबर खड्डासुद्धा बाहेर आला, असं तो सांगायचा. लोक ऐकून घ्यायचे. त्या भागात माणूस देवासमोर खरं बोलतो, बायकोसमोर बहुधा खरं बोलतो, पण ट्रकविषयी खरं बोलणं हे जरा असभ्य समजतात.

"हे बघा डेल, हे चार सिलिंडरचं," जोलीन म्हणाली. "टर्बो आहे. अंगापेक्षा जोर जास्त, पेट्रोल कमी. आणि ते पलीकडचं आठ सिलिंडरचं डिझेल. त्याच्याविषयी मी काही सांगायला नको."

हार्लनने लहान इंजिनावर ओणवं होऊन बराच वेळ पाहिलं.

"इंजिन आहे होय हे? मला वाटलं, कुणाचं शिवणयंत्र राहिलंय आत."

"हार्लन, तुम्हाला ट्रक घ्यायचाय का?" जोलीनने विचारलं.

"मी? मी आपला दुखवट्याला आलोय."

जोलीन डेलकडे वळली. ट्रक विकणारा माणूस तिकडे एकच प्रश्न विचारतो, आणि डेल त्या प्रश्नाची आठवडाभर भीती घेऊन फिरत होता.

"ओढायचं काय आहे?"

डेलने पाय बदलला. म्हणजे एका पायावरचं वजन दुसऱ्यावर घेतलं. "तसं विशेष काही नाही आता. वय झालं. थोडा चारा, थोडं सामान. पेट्रोलही वाचेल. आणि दवाखान्याबाहेर लावायला लहान ट्रक बरा पडतो."

"विशेष नाही?" हार्लन मध्येच म्हणाला. "मग बिशप आणि डीकनला काय बसचं तिकीट काढून देणार? आणि लेका, हॅचेट घाट कोण उतरवणार सगळ्यांचं सामान? गावात डेलसारखा घाटावर हात बसलेला दुसरा कोण आहे?"

हेच ते. गावाची रीत अशी, की ज्याच्याकडे ओढणारा ट्रक आणि बसलेला हात, त्याच्याकडे फोन जायचा. चर्चचा पियानो असो, मिरवणुकीचा चित्ररथ असो, बाजाराला जाणारी वासरं असोत. त्यातही घाटापलीकडचं काम निघालं की फोन फक्त डेलच्या घरी वाजायचा. लहान इंजिन घेतलं की तो आपोआप बंद होणार होता. कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं. इंजिनच सांगणार होतं.

व्हर्ना इतका वेळ दोन्ही बॉनेटांच्या मध्ये उभी होती.

"हा लहानवाला एक दिवस मिळेल का गं?" तिने जोलीनला विचारलं. "घोडे घालून हॅचेट चढवून बघतो आम्ही. रिकाम्या ट्रकने काय कळणार?"

"खुशाल न्या."

डेलने चावी घेतली. ती त्याच्या बोटांतून निसटून जोलीनच्या बुटावर पडली, आणि हार्लन म्हणाला, "बघ, चावीलासुद्धा लाज वाटली."

आता घोडे चढले होते, ट्रेलरचं मागचं दार लागलं होतं, आणि हॅचेट घाट समोर होता.

डेल चालवत होता. गेल्या ऑक्टोबरपासून तो या रस्त्याने आला नव्हता. त्या दिवशी व्हर्ना बहिणीकडे गेली होती आणि ट्रेलरमध्ये हार्लनची वासरं होती, दरवर्षीसारखी. घाटमाथा ओलांडून तो पलीकडे उतरायला लागला, पहिली तीन वळणं नेहमीसारखी गेली, आणि चौथ्याला ब्रेकवरचा पाय सरळ खाली तळाला टेकला, ओल्या गवतावर पडावा तसा. आरशात धूर दिसला. मागचं वजन पुढे ढकलत होतं. ब्रेक गेलेल्या गाड्या घुसवायला डोंगरात जी खडीची चढती पट्टी केली आहे, तिच्याकडे त्याने ट्रकचं नाक वळवलंही होतं. त्यात घुसलं की माणूस वाचतो. ट्रेलरमधल्या जनावरांचं मात्र कुणी सांगत नाही. शेवटच्या क्षणी खालचा गिअर पडला. इंजिन असं ओरडलं की डेलच्या दाढेत ठणका बसला. वेग उतरला. खाली ओढ्याच्या पुलापाशी त्याने ट्रक थांबवला आणि उतरून ट्रेलरच्या फटीतून वासरं मोजली, दोनदा.

वासरं त्याने वेळेवर पोचवली. घरी आल्यावर राजम्याच्या तिखट चिलीबरोबर दालचिनीचा गोड रोल खाल्ला. व्हर्नाने प्रवास कसा झाला विचारलं, तेव्हा "वारा होता" म्हणाला. तेव्हापासून त्याच्याकडे घाटाचं काम आलं की कधी पाठ धरायची, कधी बॅटरी उतरायची, कधी नसलेल्या चुलतभावाचं लग्न निघायचं.

चढ सुरू झाला. लहान इंजिनाने आधी नाक फुरफुरवलं, मग सूर चढवला, मग तो सूर धरून ठेवला. डेलचा एक डोळा रस्त्यावर होता आणि एक इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर. एखादं इंजिन हरावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तो मनातून देवाची विनवणी करत होता. काटा अर्ध्यावर आला. डेलने हळूच हीटर बंद केला. इंजिनाची उष्णता केबिनमध्ये आली नाही, तर तेवढीच त्याला झळ. व्हर्नाने त्याच्याकडे न बघता हीटर पुन्हा चालू केला.

"गुडघे गारठतात माझे," ती म्हणाली.

मागे गाड्यांची रांग लागली. पाइनची झाडं इतक्या सावकाश मागे जात होती की एखादीची ओळख व्हावी. बिशप ट्रेलरमध्ये एका बाजूचं वजन दुसऱ्या बाजूला टाकत होता आणि प्रत्येक वेळी ट्रकच्या शेपटीला झोला बसत होता. इंजिन किंचाळलं, कण्हलं, पण बेटं थांबलं नाही. काटा अर्ध्यावरून तसूभर हलला नाही.

"चढतोय की," व्हर्ना म्हणाली.

"चढतोय," डेल म्हणाला. कुणीतरी गेल्याची बातमी सांगावी तसा.

घाटमाथ्यावर उजव्या हाताला मोकळी जागा आहे. जड गाड्यांनी थांबून ब्रेक तपासावेत, मगच उतरावं, असा पिवळा फलक तिथे आहे. डेलने ट्रक आत घेतला. इंजिन बंद केलं. पुढे रस्ता पन्नास पावलं सपाट जात होता, आणि मग नुसतं आभाळ होतं.

"काय झालं?"

"चाकं बघतो. तापली असतील."

तो उतरला. ट्रेलरच्या चाकाशी गुडघ्यावर बसून त्याने हात लावला. चाक नदीतल्या गोट्यासारखं गार होतं. तो पलीकडे गेला, तिथली चाकं पाहिली, साखळ्या पाहिल्या, दिव्याची वायर हलवून पाहिली. परत पहिल्या चाकापाशी आला आणि पुन्हा बसला. डीकनने फटीतून नाक बाहेर काढून त्याच्या टोपीवर श्वास सोडला. वारा वरच्या शिखरांवरून येत होता. डेलला आपली बोटं नीट दिसत होती, पण ती आपली आहेत असं वाटत नव्हतं. त्याने ती काखेत घातली आणि तिसऱ्या फेरीला निघाला.

ट्रेलरच्या कोपऱ्यावर व्हर्ना उभी होती, जाकिटाच्या खिशात हात घालून.

"डेल, चढताना ब्रेक कधी तापतात का रे?"

तो खाली वाकला आणि बांधलेली बुटाची नाडी सोडून परत बांधू लागला.

"आत जाऊन बस," तो नाडीला म्हणाला. "गारठशील. नेहमीसारखी झोप. पुलाशी पोचलो की उठवतो."

व्हर्ना या माथ्यावरून खाली पुलापर्यंत नेहमी झोपायची. खिडकीला डोकं टेकून, तोंड अर्धवट उघडं. माझी बायको हॅचेट उतरताना झोपते, असं डेल कॉफीच्या टेबलावर सांगायचा, आणि लोक मान डोलवायचे. ट्रकविषयी त्या टेबलावर बोलल्या गेलेल्या गोष्टींत तेवढी एकच खरी होती.

"मी झोपत नाही," व्हर्ना म्हणाली.

"बरं, आज नको झोपू."

"आज नाही. कधीच नाही झोपले. या फलकापासून पुलापर्यंत मी डोळे घट्ट मिटून बसते आणि येतील तेवढी स्तोत्रं मनात म्हणते. ती संपली की पाढे म्हणते. तुला वाटेल बायको भित्री आहे, म्हणून मान टेकवायची."

डेलने नाडीवरचा हात काढला. "घोरायचीस की तू."

"मग? नुसते डोळे मिटले असते तर तुला संशय नसता आला?"

तो उठून उभा राहिला.

"उन्हाळ्यात बहिणीच्या गाडीने मी एकटी उतरले हा घाट," व्हर्ना पुढे म्हणाली. "ती दवाखान्यात होती, दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा डोळे उघडे ठेवावेच लागले. आणि काय सांगू, स्टिअरिंग हातात असलं ना, की निम्मी भीती जाते."

एक लांबलचक मालट्रक माथ्यावरून पुढे गेला. त्याच्या ब्रेकचे सुस्कारे ऐकू येईनासे होईपर्यंत डेल तिकडे बघत राहिला.

"माझी येते," तो म्हणाला.

ते इतकं हळू होतं की डीकनलाही ऐकू गेलं नसेल. व्हर्नाने पुन्हा विचारलं नाही. तिने ट्रेलरच्या दाराची कडी एकदा ओढून पाहिली, ट्रकला वळसा घातला आणि डाव्या बाजूने, ड्रायव्हरच्या जागी, चढून बसली. आतून सीट पुढे सरकण्याचा आवाज सुरू झाला. तो बराच वेळ चालला. डेलचे पाय लांब होते आणि व्हर्नाचे नव्हते.

तो उजवीकडून चढला. पट्टा लावला. मग तो नीट लागलाय का बघण्यासाठी काढून परत लावला.

व्हर्नाने ट्रक खालच्या गिअरमध्ये टाकला आणि रस्त्यावर घेतला. अंत्ययात्रासुद्धा तिच्यापुढे घाईत वाटावी, असा तिचा वेग. इंजिन घोगऱ्या आवाजात गुरगुरत वजन धरून ठेवत होतं. पहिल्याच वळणाला डेलचा उजवा पाय आपण होऊन पुढे गेला आणि नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला. मागून कुणीतरी भोंगा वाजवला.

"वाजव बाबा," व्हर्ना आरशाला म्हणाली. "तुझाच भोंगा, तुझंच बोट."

दुसरं वळण. तिसरं. डेलने दाराची मूठ अशी धरली होती की दार उघडलं असतं तर घाट त्याच्याबरोबर आत आला असता. चौथ्या वळणाआधी खडीची पट्टी दिसली, डोंगरात सरळ वर चढत गेलेली, करडी, कुणाच्याही चाकांची खूण नसलेली.

"इथे," डेल म्हणाला.

व्हर्नाची नजर रस्त्यावर होती. "काय इथे?"

"गेल्या ऑक्टोबरात. ब्रेक खाली गेला. हार्लनची वासरं होती मागे."

"मग?"

"नाक वळवलं होतं तिकडे. मग गिअर पडला."

व्हर्नाने वळण घेतलं. दोन्ही हातांनी, जरा जास्तच सावकाश. तिच्या जबड्याजवळची एक शीर हलली.

"आणि तू काय करत होतास तेव्हा?"

"वासरांची माफी मागत होतो. मोठमोठ्याने."

तिने वळण पूर्ण होऊ दिलं. पुढचा रस्ता थोडा सरळ झाला तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो आधी खोकल्यासारखा होता, मग तो हसण्याचा निघाला, आणि त्यात थोडं रडणंही असावं. डेलने मूठ सोडली नाही, पण तोही हसला. रस्त्याकडे बघायचं काम आपलं नाही, हे त्याच्या मानेच्या हळूहळू लक्षात येत होतं. तो डावीकडे खाली बघू लागला.

"तळं कधी आलं इथे?" त्याने विचारलं.

खाली झाडांत एक लांबट निळं तळं होतं, काठावर पडकी होडी.

"मला काय विचारतोस?" व्हर्ना म्हणाली. "माझे डोळे मिटलेले असायचे."

येतानाही तिनेच चालवलं. दुपारी ते विक्रेत्याच्या आवारात शिरले तेव्हा जोलीन बाहेर आली आणि कानामागचं पेन काढत म्हणाली, "काय म्हणतो धाकटा?"

"चढला," व्हर्ना म्हणाली.

"मग हाच लिहू?"

आठवडाभर जे डेलला हवं होतं ते आता नुसती मान हलवली तर मिळत होतं. इंजिन चढलं होतं, उतरलं होतं, पेट्रोल कमी प्यायलं होतं, दवाखान्याबाहेर सहज लागलं असतं.

"जोलीन, एक सांग," व्हर्ना म्हणाली. "उतरताना यातलं कुठलं जास्त धरून ठेवतं?"

जोलीनने पेन खिशात टाकलं. "काय गंमत आहे बघा. इतकी वर्षं इथे उभी आहे, प्रत्येक गडी चढायचं विचारतो. किती वेगाने चढेल, किती घेऊन चढेल, हार्लनच्या पुढे चढेल का. उतरायचं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"कुठलं?"

"मोठं. डिझेलमध्ये इंजिनाचाच ब्रेक असतो. बटण दाबलं की ते स्वतःच गाडीला मागे ओढतं. पायाला फारसं काम उरत नाही. लहानवाला एखाद्या वेळी उतरेल, पण दोन टन घोडे घेऊन दर वेळी त्याच्यावर विसंबू नका."

व्हर्नाने डेलकडे पाहिलं. ठरवायचं त्यानेच, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

मोठा ट्रक पलीकडे उभा होता. डेलने त्याच्यापाशी जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला. मग त्याने दार उघडून आत वाकून पाहिलं.

"हा घेतो," तो आतूनच म्हणाला. "पण ह्याची सीट पुढे सरकते का? अगदी पुढे?"

जोलीनने व्हर्नाला डोक्यापासून बुटापर्यंत एकदा मापलं.

"सरकते," ती म्हणाली.

गावात हां हां म्हणता बातमी झाली. हॉगनने मोठं घेतलं. कॉफीच्या टेबलावर हार्लनने त्याची पाठ थोपटली आणि शिवणयंत्राचा किस्सा त्यात नसलेल्या चार माणसांसकट सांगितला. चालवतं कोण, असं कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नाही, आणि डेलनेही आपणहून काढलं नाही. रोज सकाळी तो ठरवून जायचा की आज सांगायचं, आणि रोज कॉफी संपायची.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात घाटमाथ्यावर पांढरं दिसू लागलं. व्हर्ना शेगडीपाशी चिली ढवळत होती तेव्हा भिंतीवरचा फोन वाजला. डेलने उचलला.

"डेल, गड्या!" हार्लनचा आवाज फोनच्या बाहेरही ऐकू येत होता. "गुरुवारी हवा मोकळी आहे म्हणतात. माझी वासरं तयार आहेत. आता तुझ्याकडे खरं इंजिन आलंय, काय? एका झेपेत घाट पार."

व्हर्नाच्या हातातला डाव थांबला. तिने मागे वळून पाहिलं नाही.

डेलने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. पाठ दुखते म्हणता आलं असतं. चुलतभावाच्या घरी आता बारसंही निघू शकलं असतं.

"थांब," तो म्हणाला. "ड्रायव्हरला विचारतो."

"कुणाला?"

"व्हर्नाला. घाट ती उतरवते. माझ्याच्याने नाही होत आता. भीती वाटते."

बोलून झालं होतं. डेलने फोन कानापासून चार बोटं लांब धरला आणि हसण्याची वाट पाहिली. हार्लन हसला की लोक टोप्या सावरतात. संध्याकाळपर्यंत गावभर, उद्या सकाळपर्यंत परगणाभर. त्याला तो आवाज आधीच ऐकू यायला लागला होता.

पण पलीकडून हसू आलं नाही. टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. एक दार लागलं. मग हार्लन बोलला, इतक्या खालच्या आवाजात की डेलला फोन परत कानाला लावावा लागला.

"ती उतरताना... हळू जाते का रे?"

डेल खिडकीबाहेर बघत होता. आवारात मोठा ट्रक उभा होता.

"अगदी हळू," तो म्हणाला. "मागे रांग लागते."

"खालच्या गिअरमध्ये?"

"माथ्यापासून पुलापर्यंत."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. परगण्यातला सगळ्यात मोठा डिझेल ट्रक ज्याच्या दारात उभा असतो, त्या माणसाचा.

"डेल," हार्लन म्हणाला, "मी माझं घाटाचं कधी कुणाला..." आणि थांबला.

डेलने पायाने खुर्ची जवळ ओढली आणि बसला.

"बोल," तो म्हणाला. "मला घाई नाही."